कोंबडी दिसते, पाहुणे दिसत नाहीत?

माझ्या मुलीला पाहायला भैंशाहून पाहुणे आले त्या दिवशी मी बाबांशी जसा वागलो, ते आठवलं की आजही मान खाली जाते.

मुलाच्या काकांनी हात जोडले. बाबा समोरच खुर्चीत बसले होते, पण त्यांनी काही हात जोडले नाहीत. बोलतानाही त्यांची नजर काकांच्या कानाच्या बाजूला, भिंतीकडे. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, पोरगा शिक्षक झाला म्हणून आता ताठ्यात वागतो, असं पाहुण्यांना वाटेल, या विचाराने मी आतून जळत होतो. तेवढ्यात दारातून कोंबडी आत शिरली आणि बाबांनी बसल्या जागेवरून तिला हाकललं.

"कोंबडी दिसते तुमाले, पाहुणे दिसत नाई?" मी सगळ्यांसमोर म्हणालो.

पाहुणे हसले. बाबाही हसले, ओशाळून. त्यानंतर कोणी आलं की ते मागच्या खोलीतच बसून राहायचे. मला ते सोयीचंच वाटलं.

दोन महिन्यांनी त्यांनी चहा कपात ओतायच्या ऐवजी माझ्या हातावर ओतला. तेव्हा कुठे मी त्यांना आदिलाबादला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मला वाटलं होतं, मोतीबिंदू असेल. खोलीत बसलेल्या बाकीच्या पेशंटांसमोरच डॉक्टरांनी त्यांना चौकटीचौकटींचा एक कागद दाखवला. बाबा म्हणाले, "मधात काळा डाग हाय. आन बाजूच्या रेघा वाकड्या."

वयामुळे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, डॉक्टरांनी मला समजावलं. मग ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जातं, कडेचं मात्र दिसत राहतं. म्हणून असे लोक तिरकं पाहतात. एका डोळ्याची नजर गेलेली होती, ती परत येणार नव्हती. दुसऱ्यात इंजेक्शनच्या सुया दिल्या तर आहे तेवढी टिकेल.

"सीधी चीज़ें टेढ़ी कब से दिख रही हैं?" त्यांनी विचारलं.

"ध्यान नाई, साहेब," बाबा म्हणाले.

त्यांना पक्कं ध्यानात होतं. दिवाळीआधी त्यांनी मला सांगितलं होतं, "दाराची चौकट वाकडी दिसून राह्यली रे." मी वह्या तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो होतो, "सरळच हाय ते."

डॉक्टरांना मीही ते सांगितलं नाही. बाहेर बाकावर आल्यावर मात्र राहवलं नाही.

"बाबा, तुमी तं मले सांगतलं होतं. मंग डॉक्टरले काऊन नाई सांगतलं?"

"तुले बोलले असते ना ते," बाबा म्हणाले. "एवढ्या लोकायसमोर."

दर महिन्याला आम्ही सुईसाठी जातो. मुलीचं लग्न त्याच घरी ठरलं. मुलाच्या काकांना मी फोन करून बाबांच्या डोळ्यांचं सगळं सांगितलं, पण दाराच्या चौकटीचं नाही सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी लई करता बापाचं." मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.