अध्यक्षसाहेबांचे शेवटचे अकरा महिने

पेन्सिलबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नगरपालिकेचा विषय निघाला की त्यांचा चेहरा अजून खुलतो. आणि आठवण निघते ती बत्तीस वर्षांच्या नोकरीची नव्हे, त्यातल्या फक्त अकरा महिन्यांची. त्या अकरा महिन्यांनी त्यांच्या घराचा पुढचा भाग कापून नेला, तरीही.

अंबाड्यात पेन्सिल खोचायची सवय, म्हणून हे नाव. काम लघुलेखिकेचं: साहेबांनी बोलायचं, बाईंनी वहीत खुणा उमटवायच्या आणि मग टाइप करायचं. अध्यक्षसाहेब बोलायचे भरपूर, सांगायचे काहीच नाही. कोणी नळ मागो, कोणी नोकरी, ‘आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ म्हणून तोंडाला पानं पुसायची. एवढ्या लांबलचक वाक्यासाठी बाईंनी एकच खूण करून ठेवली होती. रोज वीस वेळा कोण लिहीत बसणार?

मग साहेबांचे गुडघे गेले, बायकोने निर्वाणीचं बजावलं, आणि मुदतीचे अकरा महिने उरले असताना, पुढची निवडणूक लढवणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून माणूस बदलला. “बाई, लिहा. नळ मिळणार नाही. आहे ती टाकीच पुरत नाही.” झालं पत्र! ताकाला जाऊन भांडं लपवणं संपलं. सख्ख्या मेहुण्याला ठेका नाकारला, तेव्हा शिपायासकट सगळी कचेरी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मिश्या रंगवणंही थांबलं. बाईंना वाटायचं, अरे, हा माणूस चांगला होता की! इतकी वर्षं कुठं दडी मारून बसला होता?

एका दुपारी त्यांनी दार लोटून घ्यायला सांगितलं. “घड्याळवाल्यांच्या गल्लीचं रुंदीकरण. लिहा. दोन्ही बाजूंची आठ-आठ फूट बांधकामं...” बोलता बोलता ते थांबले. “तुम्ही तिथंच राहता ना?”

“हो साहेब. वडलांचं दुकान आहे.”

दुकान कसलं, घराची पुढची खोली. तिथं खिडकीपाशी डोळ्याला भिंग लावून बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत आले होते. आठ फूट गेले म्हणजे ती खोलीच गेली.

“दुसऱ्या कुणाला बोलावू का?”

बाईंनी वहीचं पान उलटलं. “नको साहेब. दुसरं कोणी चुका करील. पुढे सांगा.”

हा रस्ता बारा वर्षं कागदावर अडला होता. गल्लीत दोनशे मतं, आणि तीही गठ्ठ्याने पडणारी. दर निवडणुकीआधी रुंदीकरण नको म्हणून अर्ज यायचा, पहिली सही बाबांची. आणि सहानुभूतीचं उत्तर टाइप करायच्या बाई. गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आईचं दुखणं अचानक वाढलं, तेव्हा तिला खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत उचलून नेलं होतं. नाक्यावर पोचेपर्यंत ती गेली होती. त्यानंतरच्या निवडणुकीतही अर्ज आला. पहिली सही बाबांचीच.

कचेरीतलं घरी बोलायचं नाही हा नियम बाईंनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा मोडला. नोटीस येऊन बाबांच्या हातात पडण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेलं बरं.

“दगाबाज!” बाबा कडाडले. “तीन वेळा मत दिलं त्याला!”

मग त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “हे त्याला आधी का नाही सुचलं?” ते हळूच म्हणाले. “तुझी आई होती तेव्हा?”

“सुचलं होतं, बाबा. फाइल मीच कपाटात लावून ठेवली होती. पण तेव्हा केलं असतं, तर तुम्ही त्याला मत दिलं असतं?”

बाबांनी भिंग डबीत ठेवलं.

“नसतं दिलं,” ते म्हणाले. “नसतंच दिलं गं.” आणि उठून भिंतीवरची घड्याळं एकेक करून उतरवायला लागले.