भिंतीपलीकडचा खोकला

गुणाबाई भिंतीशी बोलते, तिचं डोकं गेलंय, न्हाणीत पडली तर दोन दिवस कोणाला पत्ता नव्हता, असं आमच्या गावात पानठेल्यापासून चक्कीपर्यंत सगळे सांगतात. सांगून झालं की 'बिचारी बाई' म्हणतात आणि पुन्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला लागतात.

ते खोटं आहे. गुणाबाई पडून होती ती तासभर, दोन दिवस नाही. आणि ती भिंतीशी बोलत नाही, मांजरीशी बोलते. तेही मांजरीने ऐकावं म्हणून नाही, भिंतीपलीकडच्या अन्नपूर्णाबाईने ऐकावं म्हणून.

अन्नपूर्णाबाई तिची थोरली जाऊ. आमचं गाव नागभीडजवळ. तिथे दोघा भावांनी वाटणीत एकाच घराच्या मधोमध मातीची भिंत घातली, माणूसभर उंच. वर छपराच्या कवेलूंपर्यंत हातभर जागा मोकळीच राहिली. तिथून धूर, फोडणीचा वास, बोलणं, सगळं इकडचं तिकडे जातं. भाऊ दोघेही वारले. जावांचा अबोला मात्र एकोणीस वर्षांचा झाला. एका कोंबडीने चुकीच्या घरात अंडं घातलं, तेव्हापासूनचा. एकमेकींचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही, अशी दोघींची शपथ.

पण अबोला धरला म्हणून कामं थांबत नाहीत. मग गुणाबाई मांजरीला सांगते, "मने, आज नळ आठ वाजताच जाते म्हणते. जिले पाणी पाह्यजे तिनं भरून ठेवावं." पलीकडून अन्नपूर्णाबाई आपल्या बकरीला विचारते, "काय वं बकरे, तुले कोणं विचारलं होतं?" आणि लगेच तिची बकेट वाजते.

रोज पहाटे पलीकडून खोकला येतो. तीनदा कोरडा, एकदा ओला. तो आला की गुणाबाई अंथरुणातून उठते. त्याआधी नाही.

तिचा मुलगा प्रफुल माजरीच्या कोळसा खाणीत आहे. भिंत झाली त्याच वर्षी तो खाणीत लागला, त्यामुळे मांजर-बकरीचा हा कारभार त्याला ठाऊक नाही. त्याच्या लेखी मोठीमाय, म्हणजे अन्नपूर्णाबाई, असून नसल्यासारखी. त्याने आईला एकदा क्वार्टरवर नेलं होतं. दुसरा मजला. गुडघ्यांनी जिना काही मानला नाही. चार महिने ती खिडकीत बसून राहिली आणि परत आली.

श्रावणात ती न्हाणीत पडली. गावातून प्रफुलला फोन गेला तो दोन दिवसांच्या गोष्टीचाच, वर भिंतीशी बोलण्याचा मसाला. प्रफुल वाईट माणूस नाही. पण तेव्हापासून गावचा नंबर दिसला की तो हातातलं काम टाकून फोन घेतो.

"माय, तू भिंतीसंग बोलतं म्हणते?" त्याने फोनवर विचारलं.

गुणाबाई गप्प राहिली. खरं सांगायचं तर जावेचं नाव घ्यावं लागणार. प्रफुलने त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला आणि चंद्रपूरच्या एका वृद्धाश्रमाचा अर्ज भरला. तिथल्या मॅडम गुरुवारी घर बघायला येणार होत्या. एकट्या राहणाऱ्यांना आधी जागा मिळते, असं कळलं.

तिथली खाट, तिथलं ताट, त्याचं गुणाबाईला काही नव्हतं. पण हॉलमध्ये वीस म्हाताऱ्या, आणि पहाटे वीस अनोळखी खोकले. कोणत्या खोकल्यावर उठायचं?

बुधवारी ती मांजरीला म्हणाली, "मने, उद्या गाडी येऊन राह्यली. एकटी म्हातारी कोण हाय थे पाह्यले."

पलीकडून काहीच आलं नाही. बकरीलाही कोणी काही विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे खोकला आला नाही.

गुणाबाई पडून राहिली. उजाडलं. चूल पेटल्याचा धूर भिंतीवरून आला नाही. तिने भिंतीला कान लावला. माती गार होती, पलीकडे बकरीसुद्धा हूं की चूं करत नव्हती. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मग झालंच. न मारलेल्या हाकेत निदान जाऊबाई जिवंत होती.

दहाला गाडी आली, प्रफुलही त्यातच होता. नीलिमा मॅडम हसऱ्या, हातात फाईल, आणि बोलणं रेडिओसारखं धुतलेलं.

"आजी, आपण एकट्याच राहता ना?"

"एकटीच हाय, मॅडम," प्रफुल म्हणाला. "बोललो होतो नं तुमाले."

"अच्छा. आणि काही झालं तर हाक कोणाला मारता?"

गुणाबाईने वरच्या हातभर मोकळ्या जागेकडे पाहिलं. मॅडमचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं.

"आजी?"

"बाई," गुणाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. आवाज मांजरीएवढा निघाला. मग तिने खाकरून पुन्हा हाक दिली, "बाई, हाय का वं तुमी?"

काही नाही. कवेलूंवर एक चिमणी तेवढी चिवचिवली.

"माय, थे नाई बोलणार," प्रफुल हळूच म्हणाला. मॅडमनी फाईलमधल्या 'एकटे'च्या पुढे खूण केली.

गुणाबाईने काठी घेतली आणि ती बाहेर पडली. "माय, कुठी जाऊन राह्यली?" प्रफुल मागे धावला. दोन दारांमध्ये दहा पावलं. एकोणीस वर्षांत ती गुणाबाईने टाकली नव्हती. अन्नपूर्णाबाईच्या दाराला आतून कडी. गुणाबाईने काठीने दार बडवलं, प्रफुलने खांदा लावला, कडी निघाली.

आत अंधार. धानाच्या ढोलीमागे अन्नपूर्णाबाई बसलेली. एक हात बकरीच्या तोंडावर, स्वतःच्या तोंडात पदराचा बोळा. डोळे टक्क उघडे.

गुणाबाई तिथेच जमिनीवर बसली. "मले वाटलं, गेल्या तुमी."

अन्नपूर्णाबाईने बोळा काढला. "मले नेऊन राह्यले का?"

"तुमाले नाई. मले."

"एकटी म्हातारी म्हणलं होतं तुनं. एकटी तं मी बी हाय. मले वाटलं, मलेच." आणि पहाटेपासून दाबून धरलेला खोकला तिला आला. तीन कोरडे, एक ओला. सुटलेली बकरी केवढ्याने तरी ओरडली.

मॅडम दारात फाईल घेऊन उभ्या होत्या. "आपण दोघी एकत्र राहता?"

"नाई," दोघी एकदम म्हणाल्या.

"एकोणीस वर्सं हिचं तोंड पाह्यलं नाई मी," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "पण रात्री दोनदा उठते हे. दुसऱ्यांदा उठली का पाणी पेते. श्रावणात पडली तई हिची बकेट नाई वाजली, म्हणून मी चक्कीवर गेली, अजयले म्हणलं, जाऊन पाह्य."

चक्कीवाला अजय त्या दिवशी दळणाचं विचारायला आला, असं गुणाबाई आजवर समजत होती.

मॅडमनी खूण खोडली. दुसरी कुठे करावी ते त्यांना सापडेना. "सध्या राहू द्या," त्या म्हणाल्या. मग अंगणात प्रफुलला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पण यांतली एक गेली, की दुसरीसाठी त्याच दिवशी फोन करा." त्या घरात हळू बोलून उपयोग नसतो. दोघींनी ऐकलं.

तेव्हापासून दोघी एकमेकींच्या जिवाला जपतात ते भीतीने. "बकरे, न्हाणीत काठी घेऊन जा म्हणा तिले." "मने, तिनं खोकल्याची गोळी घेतली का, विचार बरं."

जाताना प्रफुल म्हणाला होता, भिंतीत दार पाडून देतो, गवंडी पाठवतो. मी गुणाबाईशी पैज लावली, की संक्रांतीच्या आत दार होणार आणि दोघी एका चुलीवर जेवणार. पैज टॉर्चच्या चार सेलची.

"लाव," ती म्हणाली. "नाई होत."

गवंडी आला. दोघींनी त्याला दोन बाजूंनी हाकललं. मी कारण विचारलं, तर गुणाबाईने भिंतीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "दार झालं का तोंडावर भांडण होईन. भांडण झालं का थे पलीकडची गडचिरोलीले आपल्या पोरीकडं जाईन. मंग मी एकटी नाई का?"

संक्रांत गेली. मी चार सेल आणून दिले. त्यातले दोन तिने उभ्या उभ्या भिंतीवरून पलीकडे टाकले.