पाठीचं मांस

"पदर काढ."

मी वेळ लावला, तेव्हा नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तो स्वतःच ओढला. समोर शिकाऊ डॉक्टर दाटीनं उभे. "बघा, लावलेलं मांस मेलं. खेड्यातली बाई, पथ्य पाळलं नसेल."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कर्करोगानं माझा उजवा स्तन काढला होता. जीव वाचला, मला तेवढं पुरे होतं. मोहाडीजवळच्या आमच्या गावी परतले, कामाला लागले. मग पुतण्याचं लग्न आलं. हळदीच्या पाच सवाशिणींत मी बसले, तर जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "तू उठ वं बाई. अंगानं पुरी नाहीस, नवरदेवाले काहून हात लावतं?"

नवऱ्यानं ऐकलं. महिन्याभरात मला पुन्हा नागपूरला नेलं. पाठीचं मांस पुढं आणून नवा स्तन करतात, असं याच डॉक्टरांनी त्याला सांगितलं. त्याला, मला नाही.

मी विचारलं, "साहेब, मले धानाची रोवणी करा लागते. हात चालंन ना?"

"बाईसारखं दिसायचंय की बैलासारखं राबायचंय?"

सगळे हसले. नवराही. मांस मरू शकतं, जखम चिघळू शकते, हाताचा जोर जाऊ शकतो, हे कोणी बोललं नाही.

पाठीचं मांस छातीवर लावलं, ते काळं पडलं. खरवडून काढलं. छाती सपाट ती सपाटच, शिवाय पाठीत खड्डा.

त्या पावसाळ्यात बांधीत, धानाच्या शेतात उतरले. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी उचलली आणि खांदा सुटल्यासारखा झाला. पेंडी चिखलात पडली. बाया रोवत पुढं गेल्या. माझी लेक म्हणाली, "माय, तू धुऱ्यावर बस." बसले. लग्न होऊन आल्यापासून रोवणीत पहिल्यांदाच अशी बांधावर बसले. तिथं रडले.

आणि आता माझा पदर ओढून तेच डॉक्टर नवऱ्याला सांगत होते, "यावेळी पोटाचं घेऊ."

"हो जी," नवरा म्हणाला.

मी पदर ओढून घेतला. "काय काय बिघडू शकते, ते पयले सांगा. मले सांगा, त्याहिले नाही."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मागच्या वेळी लपवलं, तेवढं कळलं. पोटाचा जोर गेला तर मी वाकू कशी?"

कोणी हसलं नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले. मी खाटेवरून उतरले.

बाहेर नवरा म्हणाला, "लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

हात आजही खांद्याच्या वर जात नाही. जाणारही नाही. पण त्या दिवसानंतर माझ्या होकाराशिवाय माझ्या अंगाला कोणी हात लावलेला नाही. डॉक्टरनं नाही. नवऱ्यानंही नाही.