समोरची पार्टी

बिबट्याने माझ्या डाव्या पोटरीवर पंजा मारला, असं मी स्वतःच्या सहीने लिहून दिलं. बिबट्याने पंजा मारलेला नव्हता. पोटरीवर ओरखडे होते खरे, पण ते एका बंद गोदामाच्या कुंपणाच्या गंजक्या काटेरी तारेचे होते, आणि त्या तारेवर मी स्कूटरसकट, कुणीही न ढकलता, स्वतःच जाऊन पडलो होतो. माझ्या आयुष्यात लपवण्यासारखं फारसं काही नाही. मूर्खपणा भरपूर आहे, पण तो सगळ्यांना ठाऊक आहे. हा एक कागद तेवढा मी लपवायला बघितला आणि तोही लपला नाही, कारण माझ्या बायकोला एक मामा आहेत. या माझ्या मामेसासऱ्यांसमोर खोटं बोलून सुखाने घरी गेलेला माणूस भिवंडी तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे.

मामा कोर्टात पट्टेवाले होते. दाराबाहेर उभं राहून पक्षकारांच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कोर्टाने त्यांचा पट्टा परत घेतला, पण पुकारा घ्यायचा राहून गेला. जेवायला बसताना ते मामींना तीनदा पुकारत आणि मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन ‘हजर’ म्हणाल्याशिवाय ताटाला हात लावत नसत. माझ्या लग्नात मुहूर्त टळायला आला आणि मी बूट शोधत होतो, तेव्हा मांडवाच्या दारातून त्यांनी माझ्या नावाचा जो पुकारा केला, त्याने मी अनवाणीच बोहल्यावर जाऊन उभा राहिलो. भटजीही उभे राहिले. कामतघरला आमच्या चाळीच्या मागे दिवसरात्र कापडाचे लूम चालतात, तिथे आम्ही शेजारी बसूनसुद्धा ओरडून बोलतो. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मामांनी जिन्याखालून मला तीनदा पुकारलं, तर शिफ्ट सुटून झोपलेला खालच्या खोलीतला एक कारागीर हात जोडून बाहेर आला. ‘‘साहब, हमारा केस तो पिछले साल खतम हो गया,’’ तो म्हणाला.

मामांचा दुसरा नियम, जो माणूस समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही. सासुरवाडीला दुपारी बायका भाजी निवडायला बसल्या आणि कुणाच्या सुनेचा विषय निघाला, की ओट्यावरून मामा विचारत, ‘‘ती हजर हाय काय? न्हाय? मंग पुढची तारीख.’’ आणि विषय तहकूब होई. त्यामुळे त्या घरात कुणाची निंदा अशी पूर्ण झालीच नाही. सगळ्या अर्धवट पडून आहेत. कायद्याचं पुस्तक त्यांनी नोकरीत कधी उघडलं नाही. ते म्हणत, ‘‘साहेबाला अर्धी केस ऐकू येतं, दरवाजाला सगली.’’ दाराबाहेर साक्षीदार काय ठरवतात आणि आत जाऊन काय सांगतात, हे त्यांनी इतकं ऐकलं होतं की माणसाच्या चपलेच्या आवाजावरून त्यांना साक्ष खोटी आहे हे कळे. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी एकच कायदा विकत आणला, वन्यजीवांचा. मराठी छापील पुस्तक, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. का, तर म्हणाले, ‘‘बाकीच्या कायद्यांचे पक्षकार वाचतात तरी. याचे कोन वाचनार?’’

त्या पुस्तकातलं अकरावं कलम त्यांना तोंडपाठ होतं. वज्रेश्वरीच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला सासुरवाडीचं गाव, मामांचंही तेच. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला गोदामांचे पत्रे गावापर्यंत सरकत आलेले. मधल्या पट्ट्यात एक बिबट्याची मादी फिरे. गावातले लोक तिला वाघ म्हणत. मामा ‘समोरची पार्टी’ म्हणत. तिने मामांची स्वतःची बकरी नेली, तेव्हा आख्खा गाव ओट्याशी जमला. मामा रिकामा गोठा बघून आले, तोंड धुतलं आणि म्हणाले, ‘‘बकरी माजी, भूक तिची. अकरावा कुठं लागतंय?’’

मग त्यांनी अकरावं सांगायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो, मी तिथे हसायला बसलो होतो, पण हसलो नाही. कायद्याने तिला मारायला बंदी आहे आणि त्या बंदीला दोन दारं आहेत, ते म्हणाले. पहिलं दार राज्याच्या एकट्या मोठ्या साहेबाच्या हातात. जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं असलं, किंवा कधी बरं न होणारं आजारी असलं, तर तो लिहून हुकूम देणार, कारणासकट. आणि त्याआधी त्याची खात्री पटली पाहिजे की तिला पकडता येत नाही, झोपवता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. दुसरं दार तुमच्याआमच्यासाठी. आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, खऱ्या मनाने, ती मेली तर गुन्हा नाही. ‘‘पन तवा पन मेलेली ती सरकारची. मिशीचा एक केस आपला न्हाय.’’

‘‘मेल्यावर सरकारची, तर जिवंतपणी कुणाची?’’ मी चावटपणे विचारलं.

मामांनी डोंगराकडे हात केला. ‘‘जित्ती कोनाचीच न्हाय, जावई. म्हनून तर एवढा मोठा कायदा.’’

अशा गावाकडे मी त्या संध्याकाळी, बायको माहेरी होती म्हणून, दापोड्याच्या गोदामातली ड्युटी संपवून स्कूटरवरून चाललो होतो. बंद गोदामाच्या वळणावर समोरून रस्ता ओलांडून काहीतरी लांब, पिवळं गवतात गेलं. मला शेपटी तेवढी दिसली. बाकीचं मी नंतर जोडलं. स्कूटर एकीकडे, मी तारेवर. लंगडत सासुरवाडीच्या दारात पोचलो, आणि सासूबाईंनी ‘‘काय झाला’’ विचारल्यावर, जावई आपणहून तारेवर पडला हे सांगायची लाज वाटून मी फक्त म्हणालो, ‘‘बिबट्या.’’ एकच शब्द. पण त्या शब्दावर मला खुर्ची आली, हळद आली, गावठी कोंबडीचा रस्सा आला. बघायला माणसं आली आणि मी प्रत्येकाला थोडं थोडं वाढवून सांगितलं. चौथ्या माणसापर्यंत तर मी तिला ठोसाही मारला होता.

मला हे ठाऊक नव्हतं की गावाला एक माणूस हवाच होता. बकऱ्या गेल्या होत्या, कुत्री गेली होती, आणि दरवेळी उत्तर मिळालं होतं की माणसावर हल्ला झालेला नाही. सरपंच दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज लिहून घेऊन आले. हे जनावर मनुष्याच्या जिवास धोकादायक झालेले असून त्यास ठार करण्याची परवानगी मिळावी. खाली आख्ख्या गावाच्या सह्या, आणि सगळ्यांत वर जागा मोकळी, जखमीसाठी. मी रस्सा पीत होतो. सही केली.

त्याच दुपारी मामा आले. त्यांनी मला विचारलं काहीच नाही; पोटरी गुडघ्यावर घेतली आणि चष्मा लावला. डॉक्टरांच्या साक्षी त्यांनी दाराबाहेरून जन्मभर ऐकलेल्या. बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘जावई, समोरच्या पार्टीची नखा गंजतात काय?’’

मी तोंड उघडलं.

‘‘बोलू नका. ती हजर न्हाय. संध्याकाळी पंचनामा.’’

ऊन उतरल्यावर आम्ही दोघं त्या बंद गोदामाशी गेलो. वळणावर माझ्या पँटची एक चिंधी अजून तारेला लटकत होती. मामांनी ती काढून, घडी करून खिशात ठेवली. मग मला रस्त्यापलीकडच्या बांधावर बसवलं, स्वतः उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी लावली, आणि त्या पत्र्यांच्या रांगेकडे आणि डोंगराकडे तोंड करून कोर्टातल्या आवाजात पुकारा केला, ‘‘समोरची पार्टी, हाऽजिर हो.’’ पत्रे थरथरले. बगळे उडाले. मी म्हटलं, मामा, ती काय येणार आहे? त्यांनी दुसरा पुकारा केला. थोडं थांबले. तिसरा केला.

आमच्या गोदामात मी रोज शेकडो खोकी आत येताना आणि बाहेर जाताना बघतो. मला वाटायचं की जगात जे काही हलतं त्याला कुणीतरी उचलतं. ती कुणी न उचलता हलली. कुंपणाच्या आतल्या उंच भिंतीवर, जिथे क्षणापूर्वी काही नव्हतं, तिथे ती होती. उडी मारलेली दिसली नाही, आवाज आला नाही. भिंत तिच्या वजनाने मऊ झाल्यासारखी वाटली. उतरतं ऊन तिच्या पाठीवरून चालत गेलं आणि प्रत्येक ठिपक्यापाशी जरासं थांबलं. मागोमाग गवतातून एक पिल्लू भिंतीखाली आलं आणि वर बघून बसलं. माझी पोटरी ठणकायची थांबली. तिने मामांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात साहेबांच्या, सासऱ्यांच्या, पोलिसांच्या नजरा झेललेल्या आहेत. त्या सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. या नजरेला काहीही नको होतं. कागदावर जिचा जीव मी सहीने मागितला होता, तिने मला नीट पाहिलं, आणि पिल्लाच्या बाजूला उतरून डोंगराकडे निघून गेली.

मामा हळूच म्हणाले, ‘‘तिनं वळखला न्हाय तुमाला.’’

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा भरली. वन खात्याचे एक अधिकारी जबाब घ्यायला आले होते, शांत, सभ्य माणूस. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, जखमी कोण. मी खांबामागे बसलो होतो. तेव्हा दारातून मामांनी माझ्या नावाचा पुकारा केला. ते स्वतः सांगू शकले असते. चिंधी त्यांच्या खिशात होती. पण ती काढली नाही. पहिल्या पुकाऱ्याला मी खाली बघितलं. दुसऱ्याला बायकोने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्याला मी उठलो, ‘हजर’ म्हणालो, आणि सांगितलं की तार होती.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून कुणीतरी विचारलं, ‘‘आनि ठोसा?’’ मी म्हटलं, ठोसाही नव्हता. मग हसू फुटलं आणि ते पाच मिनिटं थांबेना. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बहुधा कोंबडी आठवत होत्या.

पण कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘हसता काय? उद्या खरा झाला तर?’’ तिचं भय माझ्या गोष्टीसारखं बनावट नव्हतं. मामा दारातून आत आले. सभेत आत येऊन बोलताना त्यांना मी तेव्हा एकदाच पाहिलं. ‘‘खरा झाला तर तुज्यासाठी दरवाजा हाय, पोरी. कायद्यानं ठेवलाय. पन आज तो खोट्यानं उघडला, तर उद्या तुजा खरा कोन ऐकंल?’’ अधिकाऱ्यांनी मान हलवली. अर्ज परत केला. गोठ्यांना दारं लावा, गोदामांमागचा उकिरडा हलवा, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे ती येते, पोरांना एकटं पाठवू नका, मी पहाऱ्याला माणूस ठेवतो, असं बरंच काही ते सांगत बसले, आणि त्या बाईने ते सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. सरपंचांनी उकिरडा खरोखर हलवला. माझ्यावरचा राग बहुतेक त्या उकिरड्यावर निघाला.

आता मामांचा आवाज बसला आहे. घशाचं काहीतरी झालं, आणि जे उरलं ते जेमतेम अंगणापर्यंत पोचतं. मामी जेवायच्या वेळी आधीच उंबऱ्यावर येऊन उभ्या राहतात, म्हणजे पुकारायला नको. माझ्या पँटची चिंधी त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेली आहे, अकराव्या कलमाच्या पानावर. परवा गेलो तेव्हा मामा म्हणाले, चला. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सावकाश त्या वळणावर नेलं. गोदाम आता चालू झालं आहे, तार नवी आहे. मामांनी गुंडी लावली आणि तीनदा पुकारलं. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. गवत हललं नाही. भिंत रिकामी राहिली. आम्ही ऊन जाईपर्यंत थांबलो. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, ‘‘मामा, गैरहजर लिहायचं का?’’

‘‘गैरहजर न्हाय ती,’’ मामा स्कूटरकडे वळत म्हणाले. ‘‘आली असल. तुमाला बगून परत गेली. खोट्या साक्षीदाराचा तोंड कोन बघतं?’’