एकही अर्ज प्राप्त झाला नाही

मी शाखेची सचिव झाले ती बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय, तर पदाचा विषय निघाला तेव्हा नांदेडचे बाकीचे सगळे जेवायला उठले होते आणि मी एकटी डाळिंबाचे दाणे टिपत बसले होते. मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची आमची शाखा नांदेड आणि लातूर अशी दोन जिल्ह्यांची मिळून आहे. अध्यक्ष लातूरचा असला की सचिव नांदेडचा आणि पुढच्या खेपेला उलट, असा तिथला अलिखित रिवाज. त्या वर्षी अध्यक्ष लातूरचे होते.

ते अध्यक्ष म्हणजे सर. त्यांना सगळेच सर म्हणतात, त्यांच्या वयाचेसुद्धा. शाखेची घटना त्यांनीच लिहिली होती आणि ती त्यांना कलमांसकट तोंडपाठ होती. सभा सुरू करण्याआधी ते पेनाच्या टोकानं डोकी मोजत. कोरम कधीच पुरा नसे. मग सभा अर्धा तास तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी, तेवढ्याच डोक्यांवर, कोरमची अट न लावता सुरू व्हायची. घटनेत तशी सोय होती. त्या अर्ध्या तासात सर कुणाशी शाखेच्या कामाबद्दल चकार शब्द बोलत नसत, कारण सभा तहकूब होती. मला या माणसाचं भारी कुतूहल वाटायचं. दिवसभर लोकांच्या मनातला गुंता ऐकणारा माणूस संध्याकाळी कलमं आणि पोटकलमं यांत इतका का रमत असेल, हे मला समजत नव्हतं. मी त्याचे तीन अंदाज बांधले होते आणि तिन्ही चुकले, हे आधीच सांगून टाकते.

चार्ज म्हणून मला एक लोखंडी पेटी मिळाली. आधीचे सचिव म्हणाले, उघडायची गरज पडत नाही. पण दुसऱ्यांच्या फायली वाचणं हा माझा धंदाच आहे. मी ती रविवारी दुपारी घरी उघडली आणि चटईवर पसरून बसले. शिक्षण समिती, नीतिमत्ता समिती, घटनादुरुस्ती समिती, आणि सदस्य कल्याण समिती. ही शेवटची समिती स्थापन झाली तेव्हाचं मला आठवत होतं. आमच्यातल्या एका डॉक्टरांनी एके दिवशी दवाखाना बंद केला आणि ते गाव सोडून गेले. आम्हाला ते औषध कंपनीच्या माणसाकडून कळलं. त्याआधीचं वर्षभर ते आमच्या पंगतीत बसून जेवत होते आणि कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं हेरणारी माणसं आम्ही. आम्हाला लाज वाटली. म्हणून ठरलं की आपल्यापैकी कुणाचं मन बिघडलं तर त्याला जायला एक जागा असावी. समिती नेमली आणि सर तिचे प्रमुख झाले.

त्या समितीचे सगळे वार्षिक अहवाल पेटीत होते. प्रत्येक अहवाल एका वाक्याचा. ‘या वर्षी एकही अर्ज प्राप्त झाला नाही.’ त्याखाली, ‘अहवाल सर्वानुमते मंजूर.’ पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. एका सालात तर आदल्या वर्षीच्या कागदावर फक्त तारीख खोडून नवी घातली होती.

मी तो गठ्ठा हातात घेऊन बसले. दोन जिल्ह्यांतले इतके डॉक्टर, दिवसाला प्रत्येकाच्या पुढ्यात इतकं रडणं, आणि इतक्या वर्षांत एकालाही कुणाशी बोलावंसं वाटलं नाही? मला स्वतःला वाटलं होतं, हे इथं लिहायला हरकत नाही. माझी एक पेशंट मुलगी दगावली तेव्हा मी आठवडाभर रोज दवाखान्यातून थेट घरी न जाता आधी विष्णुपुरीच्या धरणाकडं गाडी न्यायची, काचा बंद करून बसायची आणि मग घरी जायची. तेव्हा ही समिती होती. मला तिची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी एक होते, तर अजून कोणीतरी असणारच होतं. कदाचित आत्ताही कुणीतरी काचा बंद करून बसलं असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना.

मी सरांना फोन लावला.

“सर, कल्याण समितीकडं एकही अर्ज कसा नाही?”

“आला नाही म्हणजे गरज नाही.”

“पेशंटबद्दल आपण असं म्हणतो का? आला नाही म्हणजे बरा आहे?”

मग ते म्हणाले, “समिती म्हणजे ओपीडी नव्हे, सचिव. सभेची नोटीस वेळेत निघाली पाहिजे, तेवढं बघा.” ते मला नेहमी पदानंच हाक मारत.

अर्जाचा कोरा नमुना मला पेटीच्या तळाशी सापडला. तो वाचून मी आधी हसले. वर अर्जदाराचं नाव, सदस्य क्रमांक, उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकाराच्या फोटोसाठी चौकोन. मग ‘अडचणीचे स्वरूप थोडक्यात’, त्यासाठी दोन रेघा. त्याखाली सूचकाची सही आणि अनुमोदकाची सही. म्हणजे एका सदस्यानं सुचवायचं की या माणसाचं मन बिघडलं आहे आणि दुसऱ्यानं त्याला दुजोरा द्यायचा. आणि सगळ्यांत खाली, ‘सदर अर्ज कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत मंजुरीसाठी ठेवण्यात येईल.’ काय झालं असणार ते स्पष्ट होतं. नवा सदस्य करून घेण्याचा आमचा जो अर्ज आहे, तोच पुढं ठेवून वरचं शीर्षक तेवढं बदललं होतं. पेशंटचं नाव त्याच्या सख्ख्या भावालाही न सांगणाऱ्या लोकांनी स्वतःसाठी हा कागद केला होता.

मग मी इतिवृत्ताची वही काढली. तो नमुना ज्या सभेत मंजूर झाला त्या सभेला मी हजर होते. माझी सही होती. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला असणार, बहुधा जेवणाची वेळ झाली म्हणून. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी हे चाचांना सांगितलं. चाचा माझ्याकडं केसपेपर काढतात. त्यांचं घराणं नांदेडातलं जुनं, पिढीजात जिल्दसाजी, म्हणजे वह्यापुस्तकांची बांधणी करणारं. माझ्या दवाखान्याची रजिस्टरं अजूनही तेच बांधतात आणि ती कधी सुटत नाहीत. त्यांनी तो अर्ज लांब धरून वाचला.

“मॅडम, एक बात सांगू? आपल्या दवाखान्यात समोरून किती लोकं येतात?”

“किती?”

“निम्मे. बाकीचे दातवाल्याकडून येतात.”

हे खरं होतं. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या मागच्या बोळातून एक जिना वर माझ्याकडं येतो. रस्त्यावरच्या जिन्यावर माझी मोठी पाटी आहे. म्हणून भोकरकडच्या बाया, बँकेतले साहेब, कॉलेजचे प्राध्यापक, सगळे गालावर रुमाल धरून दातवाल्याच्या दारातून शिरतात आणि मागून वर येतात. चाचा त्यांना नाव विचारत नाहीत, नुसता नंबर देतात. नाव मी आत विचारते.

“मानूस तब्येत सांगायला यून राहिला, नाव सांगायला न्हाई,” चाचा म्हणाले. “तुमच्या समितीला मागचं दार न्हाई.”

मी त्यावरून घटनादुरुस्तीचा ठराव लिहिला. अर्ज नको, फोटो नको, नोंद नको. लातूरकरांसाठी नांदेडचा एक डॉक्टर, नांदेडकरांसाठी लातूरचा एक. त्यांचा फोन नंबर सगळ्यांना माहीत असावा, बस्स. लातूरच्या सभेत, अर्धा तास तहकुबीनंतर, मी तो मांडला. लोक माना डोलवत होते. मला वाटलं, झालं काम. पण सर अध्यक्षांच्या खुर्चीतून बोलू लागले. कागदाशिवाय समिती काम कसं करणार, अर्जदार सदस्य आहे हे कसं कळणार, उद्या कुणी विचारलं तर दाखवणार काय. त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता.

“नियम कुणा एकासाठी बदलत नसतात,” ते म्हणाले.

कुणा एकाचा विषय कुणी काढलाच नव्हता. पण मी तेव्हा इतकी चिडले होते की हे माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी आमच्याकडं जे होतं तेच झालं, पोटसमिती नेमली गेली. तिच्यात दोघंच, सर आणि मी. परतताना वाटेत अहमदपूरला मी चहालाही थांबले नाही.

पुढं तीनेक आठवड्यांनी, दुपारची वेळ होती, चाचा दारातून डोकावले.

“दातवाल्याकडून एक साहेब आलेत. नंबर दिलाय. तुमच्या वळखीचे वाटून राहिले.”

सर आत आले. हातात घडी घातलेला रुमाल होता. मला वाटलं, पोटसमितीची बैठक घ्यायला आले, आणि मी उठून फाईल शोधू लागले.

“सर, कळवलं असतं तर मी गाडी पाठवली असती.”

“गाडी आहे माझी. ड्रायव्हर विचारतो, कुठं जायचं. म्हणून एसटीनं आलो.”

सोफा सोडून ते पेशंटच्या खुर्चीत बसले. तेव्हा मी फाईल शोधायची थांबले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक कागद काढून टेबलावर ठेवला. तोच अर्ज होता, भरलेला. त्यांचं सुरेख अक्षर. नाव, सदस्य क्रमांक. चौकोनात फोटो चिकटवलेला होता आणि त्या फोटोत त्यांचे केस काळे होते. माझ्यासमोर बसलेल्या सरांच्या डोक्यावर एकही काळा केस नव्हता. अडचणीच्या दोन रेघांवर लिहिलं होतं, ‘रुग्ण दगावल्यापासून झोप नाही. कामावर विश्वास उरला नाही.’ सूचकाची जागा कोरी. अनुमोदकाची कोरी.

“एक मास्तर होते,” सर म्हणाले. “पंधरा दिवसांनी या म्हणून सांगितलं मी. अकराव्या दिवशी त्यांचा भाऊ आला. फाईल परत द्यायला. आणि गोळ्या. म्हणाला, साहेब, पाकीट फोडलेलं नाही, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.” ते रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होते. “मी आठ दिवसांनी बोलवायला पाहिजे होतं.”

त्यांनीच पुढं सांगितलं. समिती झाल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी हा अर्ज भरला होता. पण सूचक कुणाला करायचं? लातुरात ज्याला सांगावं तो दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वॉर्डात भेटणार. नांदेडकरांना सांगावं तर तो अर्ज कार्यकारिणीपुढं मंजुरीला मांडणार समितीप्रमुख, म्हणजे सर स्वतःच. दर वर्षी मार्चमध्ये ते अहवालाचं ते एक वाक्य लिहीत आणि हा कागद पुन्हा पाकिटात घालत.

“मग नियम बदलायला विरोध का केला, सर?”

त्यांनी माझ्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ करून ठेवलं.

“नियमच चुकीचा होता असं ठरलं,” ते म्हणाले, “तर मी इतकी वर्षं कशासाठी थांबलो, डॉक्टर?”

त्यांनी मला पहिल्यांदाच डॉक्टर म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पेशंटसमोर रडायचं नाही असं मी शिकलेय, पण त्या दिवशी ते जमलं नाही आणि मी लपवलंही नाही. त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. हे सगळं बाजूला ठेवा, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण या माणसाला नियम मोडून मदत केली असती तर ती त्यांना घेता आली नसती. मी पेन काढलं आणि सूचकाच्या जागी सही केली.

“अनुमोदक?” त्यांनी विचारलं.

“बघू नंतर. आधी सांगा, झोप किती वाजता लागते?”

ते दर पंधरवड्याला येऊ लागले. एसटीनं, दातवाल्याच्या दारातून. चाचा त्यांना नंबर द्यायचे आणि एकदाही नाव विचारलं नाही. हे सगळं मी लिहितेय ते सरांना विचारून. त्यांनी दोन अटी घातल्या: नाव घालायचं नाही आणि साल घालायचं नाही.

वर्ष संपताना कल्याण समितीचा अहवाल सचिव म्हणून मला टाईप करायचा होता. ‘एकही अर्ज’पाशी माझी बोटं थांबली. मी सरांना फोन केला.

“अनुमोदकाची सही नाही, म्हणजे अर्ज अपुरा,” ते म्हणाले. “अपुरा अर्ज प्राप्त झाला असं धरत नाहीत. वाक्य राहू द्या तसंच.” मग म्हणाले, “काल सहा तास झोपलो.”

सभा या खेपेला नांदेडला होती. कोरम पुरा नव्हता. त्या अर्ध्या तासात सर माझ्या शेजारी बसून गोदावरीला पाणी किती आहे ते विचारत राहिले. सभा सुरू झाल्यावर पोटसमितीच्या वतीनं मी तोच ठराव पुन्हा मांडला. सूचक म्हणून माझं नाव लिहिलं आणि विचारलं, “अनुमोदक?”

आमच्या घटनेप्रमाणे खुर्चीत बसलेल्या अध्यक्षाला कशालाही अनुमोदन देता येत नाही. सर उठले. उपाध्यक्षांना त्यांनी खुर्चीत बसवलं, स्वतः खाली येऊन तिसऱ्या रांगेत सदस्यांमध्ये बसले, आणि तिथून त्यांनी हात वर केला. लोकांना ती त्यांची नेहमीची शिस्त वाटली. मी वहीत अनुमोदकापुढं त्यांचं नाव लिहिलं तेव्हा माझं अक्षर हललं होतं, आणि ते आजही तसंच वाकडं आहे.