मावशी आणि गाड्या उचलायचं टेंडर

प्रत्येक गॅरेजात एक जुना पत्र्याचा डबा असतो. इंजिन खोलून परत जोडलं की दोन-चार नट-बोल्ट हमखास उरतात. गाडी त्यांच्यावाचून मजेत धावते, गिऱ्हाईक खुशीत जातं, आणि उरलेला नट डब्यात पडतो. टाकवत नाही, लावायला जागा नाही. माझ्या किश्श्यांचं तसंच झालंय. कलकत्त्यात खिदिरपूरच्या गॅरेजात मी चाळीस वर्षं घालवली, आता डबा इतका भरलाय की झाकण बसत नाही. म्हणून जरा ओततो. पायाखाली येतील, जपून ऐका!

माझं शिक्षण विचारू नका. सहावीत गणितानं मला सोडलं, मग मी शाळेला सोडलं. वडील रेल्वेत होते. ते म्हणाले, ‘‘निदान हात तरी काळे कर.’’ आणि मला अण्णा टिपणिसांच्या गॅरेजात घातलं. अण्णांचा जन्मही कलकत्त्याचाच. पण धोतर पुण्याचं, पंचांग पुण्याचं आणि हट्टही पुण्याचाच.

आमच्या वेळी शहरात रस्त्यात बंद पडलेल्या आणि नको तिथे उभ्या केलेल्या गाड्या ओढून न्यायचं काम टेंडरनं जायचं. वर्षाचं एक टेंडर, सीलबंद लखोटा, ज्याचा दर कमी त्याचं काम. आणि दरसाल ते काम जायचं एकाच माणसाला. घोषालबाबू! पान खाऊन लाल झालेलं तोंड, मलमलचा पंजाबी, म्हणजे तिकडचा झब्बा, आणि दारात जहाजाएवढी काळी विलायती गाडी. अण्णांनी ठरवलं, हे टेंडर आपण घ्यायचं.

\*

टेंडरला क्रेन हवी. लढाईतल्या जुन्या गाड्यांचा लिलाव बराकपूरला असायचा. तिथे आम्ही एक लष्करी क्रेन घेतली. हातानं फिरवायचं चाक, मनगटाएवढी साखळी, आणि आवाज असा की मेलेला उठून बसेल. अण्णा हरखले. पैसे भरले, पावती घेतली, आणि मग ड्रायव्हर रामसेवकनं चावी फिरवली.

इंजिन ‘खर्र’ म्हणालं आणि गप्प!

लिलाववाला साहेब म्हणाला, ‘‘क्रेन विकली. चालते असं कुठे म्हटलं?’’

झालं. बंद पडलेल्या गाड्या ओढणारी क्रेन, तिला ओढायला आम्ही चार बैल भाड्यानं घेतले! भर दुपारी बराकपूरच्या रस्त्यानं वरात निघाली. पुढे बैल, मध्ये क्रेन, मागे छत्री घेतलेले अण्णा. बागबाजारात पोचलो तर ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आमची मराठी ऐकली. आता, बंगाल्यांच्या लेखी आपण म्हणजे बर्गी. भोसल्यांच्या घोडेस्वारांनी इथे धाड घातली होती ना, त्यांच्या भीतीनं शहरानं खंदक खणला, तो ह्याच बागबाजारापासून. म्हातारा चष्मा वर करून आतल्या बायकोला ओरडला, ‘‘ओ गिन्नी, बाहेर ये! बर्गी परत आले! पण ह्या खेपेला घोडे परवडलेले दिसत नाहीत!’’

त्या दिवसापासून क्रेनचं नाव पडलं मावशी. जाडजूड, कण्हणारी, पण बोलावलं की येणारी. फक्त आणायला बैल पाठवावे लागायचे.

\*

पहिल्या वर्षी टेंडर शुक्रवारी होतं. पेटी बंद व्हायची वेळ बारा. आम्ही अकरालाच सरकारी ऑफिससमोर हजर. लखोटा तयार, लाखेचा शिक्का तयार. पण अण्णांनी खिशातून पंचांग काढलं. ‘‘बंडू, साडेबारापर्यंत राहुकाळ आहे. आत जायचं नाही.’’

‘‘अण्णा, पेटी बाराला बंद होते!’’

‘‘राहुकाळात टाकलेलं टेंडर टाकलं काय नि न टाकलं काय!’’

आम्ही समोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसलो. पावणेबाराला घोषालबाबू आले, हसत आत गेले, लखोटा टाकला, हसत बाहेर आले. बारा वाजले. पेटीला कुलूप. अण्णा मांडीवर लखोटा घेऊन बसलेले, जसं काही बारशाचं मूल.

घोषालबाबू मुद्दाम आमच्याकडे आले. ‘‘की मोशाय, टेंडर दिलं नाही?’’ अण्णांनी राहुकाळ सांगितला. बाबूंनी पंचांग हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि इतके हसले की पान गिळलं!

‘‘आरे टिपणीसबाबू, हे पुण्याचं! तुमच्या पुण्यात सूर्य आरामात उठतो. आमचा इथे तासभर आधी कामाला लागतो. कलकत्त्याचा राहुकाळ केव्हाच संपला! साडेअकरा-पावणेबारालाच! मी तो संपायचीच तर वाट पाहत होतो!’’

अण्णा गॅरेजात आल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘‘तरीच आपल्याकडे दुपारचं जेवण लवकर गार होतं!’’

\*

दुसऱ्या वर्षी लखोटा वेळेवर पडला. पण घोषालबाबूंच्या कागदावर तीन क्रेन, आमच्या कागदावर एकटी मावशी. दरात फारसा फरक नसला की ज्याच्या क्रेन जास्त त्याचं वजन जास्त. मी म्हटलं, तीन? मला तर नेहमी एकच दिसते!

तपासणी निघाली. एक इन्स्पेक्टर साहेब जीपमधून बाबूंचे तीन डेपो बघणार, बाकी टेंडरवाल्यांनी हवं तर सोबत यावं. मी गेलो. पहिल्या डेपोत पिवळी क्रेन. साहेबांनी खूण केली. बाबू म्हणाले, ‘‘आता चहा घेऊ.’’ चहा झाला. दुसऱ्या डेपोत पिवळी क्रेन. साहेबांनी खूण केली. ‘‘आता जरा सिंगाडे खाऊ.’’ कलकत्त्यात समोशाला सिंगाडा म्हणतात. ते झाले. तिसऱ्या डेपोत पिवळी क्रेन!

साहेब खूण करणार, एवढ्यात मी हात जोडून पुढे झालो. ‘‘साहेब, एक मिनिट. माझा जेवणाचा डबा पहिल्या डेपोत क्रेनच्या सीटखाली राहिला होता. भूक लागलीय. काढून घेऊ?’’

आणि तिसऱ्या डेपोतल्या क्रेनच्या सीटखालून मी माझा डबा काढला. पोळ्या अजून मऊ होत्या!

साहेब फार सज्जन. त्यांनी तिनाच्या दोन केल्या, कारण दुसऱ्या डेपोत माझा डबा होता की नाही हे सिद्ध झालं नव्हतं! दोन म्हणजे एकापेक्षा जास्तच. टेंडर परत बाबूंना.

\*

आता मामला गंभीर झाला. मावशी दोन वर्षं नुसती उभी. वहिनींचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे भाऊ नागपूरला एका गोदामात मोठ्या हुद्द्यावर, त्यांचं पत्र आलं की इथे जागा आहे, या. एक दिवस अण्णांनी आम्हा पाचही जणांना समोर बसवलं. ‘‘यंदा टेंडर आलं तर गॅरेज. नाही आलं तर मावशी भंगारात, मी नागपुरात. तुम्ही आपापलं बघा.’’

रामसेवक मावशीच्या चाकाला टेकून लहान पोरासारखा रडला. मी रडलो नाही. मी प्रॅक्टिस काढली!

प्रॅक्टिसला गाड्या हव्यात. रविवारी सकाळी आमच्या मराठी मंडळात भजन होतं. बाहेर सेक्रेटरींची छोटी गाडी उभी. मी आणि रामसेवकनं बैल जुंपून मावशी आणली, गाडी उचलली, अलगद उलटी फिरवली, आणि त्याच जागी ठेवली. तोंड होतं तिथे शेपूट! ओरखडा नाही! आतल्या टाळांपुढे मावशीचं कण्हणंसुद्धा कुणाला ऐकू गेलं नाही.

भजन संपलं. सेक्रेटरी बाहेर आले. गाडीकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. परत गाडीकडे पाहिलं. मग शेजारी उभ्या बायकोच्या कानाशी लागून हळूच विचारलं, ‘‘तीर्थात काय होतं गं?’’

\*

ऑफिससमोरच्या फुटपाथवर ताडपत्रीखाली नंदीबाबू बसायचे. टायपिस्ट. शहरातल्या सगळ्या ठेकेदारांची टेंडरं त्यांच्याच खटारा मशीनवर व्हायची, कारण फॉर्मचं इंग्रजी त्यांना पाठ. ‘‘मी बोटांनी टाइप करतो, डोळ्यांनी नाही,’’ असं ते काली मातेची शपथ घेऊन सांगत.

एकदा मी पाहिलं, घोषालबाबू आपल्या गाडीत बसून एक काळा कागद उन्हात धरून बघतायत. म्हटलं, ‘‘बाबू, ग्रहण लागलंय का?’’ बाबूंनी कागद झटकन मांडीखाली घातला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. वापरलेला कार्बन पेपर! उजेडात धरला की टाइप केलेलं सगळं वाचता येतं. आमच्या दराचा कार्बन दरसाल नंदीबाबूंकडून बाबूंकडे जात होता, आणि बाबू आमच्यापेक्षा आठ आणे कमी भरत होते!

ह्या वर्षी मी अण्णांना काही सांगितलं नाही. अण्णा खोटं बोलायला गेले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. मी एकटाच नंदीबाबूंकडे गेलो. आमच्या नावाचं टेंडर टाइप करून घेतलं, दर गाडीमागे अठरा रुपये. वर कार्बन कोरा करकरीत घालायला लावला, म्हटलं नीट उमटू दे! आणि जाताना म्हटलं, ‘‘बाबू, कुणाला दाखवू नका हं!’’ म्हणजे तर नक्की दाखवणार.

तो अठराचा कागद मी कोपऱ्यावर भेळवाल्याला दिला. खरं टेंडर गॅरेजात, माझ्या हस्ताक्षरात. दर चौदा. अण्णांना सांगितलं, नंदीबाबूंचं मशीन बिघडलंय. अक्षर बघून अण्णा म्हणाले, ‘‘ह्यावरून कोंबडी चालून गेलीय का?’’

लखोटे फोडायच्या दिवशी खोलीत सगळे ठेकेदार. हेडक्लार्कनं वाचलं, घोषाल, साडेसतरा. बाबू अण्णांकडे बघून गोड हसले. मग आमचा लखोटा. हेडक्लार्कनं कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. ‘‘टिपणीस... चौदा!’’

घोषालबाबू ताडकन उठले, जिना उतरले, रस्ता ओलांडून थेट ताडपत्रीखाली. आम्ही मागोमाग. सगळ्या ठेकेदारांसमोर ओरडले, ‘‘नंदी! तुझा कार्बन खोटा!’’

नंदीबाबूंनी मशीनवरून मानही वर केली नाही. ‘‘कार्बन खरा होता बाबू. टेंडर खोटं होतं.’’

\*

पण बाबू सहज सोडणारे नव्हते. त्यांनी वर अर्ज केला की टिपणिसांची क्रेन म्हणजे लढाईतलं भंगार, तिला बैल लागतात, शहराची अब्रू जाईल. बड्या साहेबांनी हुकूम काढला. ट्रायल! डलहौसी चौकात, ऑफिससमोर, पंधरा मिनिटांत एक गाडी उचलून ओढून दाखवा. जमलं तर काम टिपणिसांचं, नाही तर घोषालांचं.

सकाळी दहाला मावशी हजर. इंजिन पुन्हा खोलून जोडलेलं, तेल पाजलेलं, साखळी घासलेली. अण्णांच्या खिशात नागपूरचं पत्र होतं, मी पाहिलं.

साहेब घड्याळ काढून म्हणाले, ‘‘उचला.’’

अण्णा म्हणाले, ‘‘कोणती?’’

साहेबांनी रस्ताभर नजर फिरवली आणि बोट दाखवलं. ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली, अगदी पाटीला खेटून, घोषालबाबूंची काळी जहाज गाडी! इतकी वर्षं शहरात गाड्या उचलणारे तेच. त्यांची कोण उचलणार? ती कुठेही उभी राहायची.

बाबू धावत गेले आणि मागच्या सीटवर बसून दार लावून घेतलं. ‘‘माणूस आत आहे! आता कशी उचलता?’’

साहेबांनी टेंडरचा फॉर्म उघडला, सावकाश वाचला. ‘‘गाडी रिकामी असावी असं ह्यात कुठे नाही. आणि घोषालबाबू, हा फॉर्म तर तुमच्याच वेळचा.’’

रामसेवक ‘जय बजरंगबली’ म्हणून चाकाला भिडला. आम्ही चौघं त्याच्या मागे. मावशी कण्हली, कुंथली, साखळी ताणली, आणि जहाजाचं नाक वर गेलं! बाबू न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे मागे रेलले. रामसेवकनं चावी फिरवली. इंजिन ‘खर्र’ म्हणालं... आणि सुरू झालं! चौकाला पूर्ण फेरी मारून मावशी साहेबांसमोर उभी. बारा मिनिटं! साहेबांनी मावशीच्या बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. अण्णांनी खिशातलं नागपूरचं पत्र काढलं आणि त्यानं कपाळाचा घाम पुसला.

काचेतून घोषालबाबूंनी हात हलवला. हरले होते, पण ऐट बघा! ‘‘टिपणीसबाबू, उचललंच आहे तर घरी सोडा. कालीघाट.’’

अण्णा म्हणाले, ‘‘अवश्य!’’

निघालो. पुढे मावशी, मागे नाक वर केलेली गाडी, गाडीत आडवे बाबू. चौरंगीवर ट्रामवाले खिडक्यांतून लोंबकळून बघत होते.

आता, बाबूंचं टेंडर दरसाल पास व्हायचं, आणि दरसाल त्या दिवशी त्यांच्या घरी जंगी पूजा असायची. यंदा काही वेगळं होईल असं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. मावशी दारात थांबली मात्र, आतून भों करून शंख वाजला! बायका ‘उलू उलू’चा मंगल गजर करत धावल्या. सगळ्यांत पुढे बाबूंची ऐंशी वर्षांची आई, हातात ताट. लेकानं टेंडर जिंकून नवी क्रेन आणली! म्हातारीनं मावशीला शेंदूर लावला, हुकाला झेंडूची माळ घातली. अण्णांना बघून तिला वाटलं, नवा मिस्त्री. डोक्यावर हात ठेवला, ‘‘मन लावून काम कर हो बाबा, माझा मुलगा फार चांगला मालक आहे.’’ अण्णांनी वाकून तिच्या पाया पडून घेतलं. तिनं आम्हा सगळ्यांच्या हातात संदेश ठेवले. छेन्याची मिठाई, गुळाची, ताजी, अजून कोमट!

मागून, गाडीतून, बाबूंचा बारीक आवाज आला. ‘‘मा! ह्यांना सांग, मला खाली उतरवा!’’

म्हातारी मागे वळूनही न बघता म्हणाली, ‘‘थांब रे! आधी पूजा तर होऊ दे!’’

अण्णांनी दुसरा संदेश उचलला.