रुमालाखालची मूठ

डॉ. मधुकररावांच्या पंचाहत्तरीनिमित्त चार शब्द लिहा, असा गौरव समितीचा निरोप आला आणि पहिल्यांदा आठवलं ते आमचं भांडण. लपवत नाही. मी तेव्हा धसईच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. पालकसभेत बोलायला डॉक्टरसाहेब आले आणि आल्या आल्या त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘लघवीच्या तक्रारी’. माझं डोकंच फिरलं. “अहो, समोर बायामाणसं बसलीत!” म्हणत मी डस्टर घेऊन धावलो. साहेबांनी डस्टर माझ्या हातून घेतलं, अक्षरं स्वतः पुसली आणि म्हणाले, “गुरुजी, फळ्यावरची तक्रार गेली. माणसाची कशी पुसणार?” बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

पण राग धरून बसावं असं हे माणूसच नव्हे. धसईच्या बाजारपेठेत त्यांचा दवाखाना आहे. पण पेशंट आला नाही तर दवाखाना उठून पेशंटकडे जातो. वाडीवरच्या सोमाचा तपासणीचा रिपोर्ट आला, तोवर सोमा बायकोपोरांसकट वीटभट्टीवर गेलेला. डॉक्टरसाहेब एसटीने, पुढे पायी, शोधत भट्टीवर पोचले. मूत्राशयाखालची ग्रंथी नुसती वाढलीय, कॅन्सर नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सोमाने विचारलं, “मंग मी मरत नाय?” “मरशील रे, पण यानं नाय,” साहेब म्हणाले. दोघेही विटांच्या थप्पीला टेकून पोट धरून हसले, असं सोमाची बायको अजून सांगते.

त्यांचं सांगणं साधं असतं. पुरुषाच्या मूत्राशयाखाली आवळ्याएवढी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. वयाप्रमाणे ती बहुतेकांची वाढते, लघवीचा त्रास होतो, आणि बरेचदा त्यात कॅन्सर नसतो. कॅन्सर असला तर तो सुरुवातीला मुकाट बसून असतो. म्हणून पन्नाशी आली, की त्रास नसला तरी डॉक्टरशी बोलावं. बापाला किंवा भावाला झाला असेल तर त्याही आधी. पीएसए नावाची रक्ततपासणी करायची का, ते दोघांनी मिळून ठरवावं. “तंबाखू सोडा, चालत राहा, पोट सुटू देऊ नका. यानं हा कॅन्सर टळेलच असं मी लिहून देणार नाय, पण तुमचं भलंच होईल.” खोटी हमी त्यांनी कधी कुणाला दिली नाही.

तरी पुरुष बोलतील तर शपथ! म्हसा गावच्या जत्रेत डॉक्टरसाहेबांनी आणि मी तपासणीचा तंबू टाकला, तर लोक पत्रक घेत, “आमाला काय नाय” म्हणत आणि सटकत. तंबूशेजारी बैलबाजार. तिथे सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची, भाव शेजारच्याला कळत नाही. डॉक्टरसाहेब लहानपणी वडिलांबरोबर हा बाजार फिरलेले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि एका म्हाताऱ्याला म्हणाले, “बाबा, तोंडानं नको सांगू. रात्री लघवीला कितीदा उठतोस, तेवढी बोटं दाब.” मग दुसरा प्रश्न, “बापाला, भावाला हा कॅन्सर झाला होता? असेल तर मूठ आवळ.” बघता बघता तंबूपुढे रांग लागली.

मी टेबलाशी नावं लिहून घेत होतो. दुपारी गर्दी ओसरली तसा साहेबांनी रुमाल माझ्यापुढे धरला. “गुरुजी, या.”

“मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी.”

“मग ठणठणीत माणूस रात्रीच्या जेवणानंतर पाण्याला का शिवत नाय?”

रात्री उठावं लागू नये म्हणून मी पाणी टाळतो, हे तंबूतल्या मुक्कामात पाहिलं होतं तर त्यांनी! मी नाइलाजाने हात घातला, तीन बोटं दाबली. दुसरा प्रश्न आला. माझे वडील याच आजाराने गेले. कंबर दुखते म्हणून आम्ही वर्षभर तेल चोळत बसलो; कळलं तेव्हा दुखणं हाडांत उतरलं होतं. गावात आम्ही ‘कंबरेचं दुखणं’ एवढंच सांगितलं. मी, गावाला शिकवणारा मास्तर! रुमालाखाली माझी मूठ आवळली गेली आणि डोळे भरून आले. साहेबांनी मूठ सोडली नाही. हळूच म्हणाले, “किती वर्षं धरून ठेवलंत हो, गुरुजी.”

रक्तातला पीएसएचा आकडा वाढलेला निघाला, पुढच्या तपासणीत कॅन्सरही निघाला. पण लहान, ग्रंथीच्या आतच. उपचारांसाठी कल्याणच्या इस्पितळाच्या प्रत्येक फेरीला डॉक्टरसाहेब माझ्या शेजारी एसटीत बसून आले, डब्यातली अर्धी भाकरी मला देत. आज मी बरा आहे. ती तीन बोटं नुसत्या वाढलेल्या ग्रंथीची असतील, असं ते सांगतात. मला वाचवलं त्या मुठीने.

यंदा म्हशाच्या जत्रेला माझा थोरला मुलगा आला. चव्वेचाळीस वर्षांचा, आटगावला राहतो, तोंडात सदा “बाबा, टाइम नाय.” डॉक्टरसाहेबांकडून रुमाल मागून घेतला आणि या वेळी मीच त्याच्यापुढे धरला. पहिल्या प्रश्नाला त्याने एकही बोट दाबलं नाही. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तळहातात त्याची मूठ आवळली. मी ती धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून दवाखान्यात आला.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे सगळेच म्हणतील. समारंभाच्या दिवशी मी रुमाल घेऊन येणार आहे. हात पुढे करा. मी पाचही बोटं दाबीन. एका बोटाला वीस वर्षं, पाचांची पुरी शंभर. आणि सांगून ठेवतो, या सौद्यात घासाघीस चालणार नाही.